तिसऱ्या मशीनला न कळलेले अकरा दिवस

हरताळाची बातमी आदल्या संध्याकाळी फुटली तेव्हा निम्मं पुळियंपारा गाव कोंबडीच्या दुकानाकडे धावलं आणि प्रेमन धावला नसरीनच्या घराकडे.

"उद्याच उरकू," तो दारातूनच म्हणाला. "सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. रस्त्यावर काळं कुत्रं नसेल. व्हॅन निघणार नाहीत, सिस्टर कुठं जाणार नाहीत, नवी नोंद एकही पडणार नाही. असा मुहूर्त परत मिळायचा नाही."

नसरीनचे हात पत्तिरीच्या, म्हणजे तांदळाच्या भाकरीच्या, पिठात होते. "प्रेमेट्टा, मुहूर्त बघून डेटाबेस हलवणारा माणूस मी पहिल्यांदाच बघते. नारळपण फोडायचा का?"

"फोडू की. चटणीला कामी येईल."

नसरीन कोळिकोडच्या एका कंपनीत मोठमोठ्या लोकांचे डेटाबेस सांभाळायची आणि सुट्टीच्या दिवशी गावच्या शुश्रूषा केंद्राचा एक छोटा, तोही फुकट. केंद्राचं काम साधं होतं आणि अवघडही. ज्यांना आता कुठलाच दवाखाना बरं करू शकणार नाही, अशा माणसांकडे घरी जायचं. त्यांचं दुखणं कमी करायचं, जखमा धुवायच्या, जरा बसायचं. दोन व्हॅन, दोन सिस्टर, एक डॉक्टर, आणि बाकी गावातले रिक्षावाले, मास्तर, गवंडी, जो मोकळा असेल तो. कुणाला काय दुखतंय, कुणाला मॉर्फिन किती द्यायचं, उद्या कुणाच्या घरी जायचं, हे सगळं सिस्टर आपल्या फोनवर लिहीत, आणि ते जाऊन पडे प्रेमनच्या तीन मशीनमध्ये.

'प्रेमनच्या' असंच गाव म्हणायचं. टेलिफोन खात्यातून लवकर निवृत्ती घेतलेला हा चौपन्न वर्षांचा माणूस. वाचनालयाच्या माडीवरच्या खोलीत त्यानं नऊ वर्षं ती तीन मशीन पोरांसारखी वाढवली होती. तिघांची मिळून एक मोट होती. नोंद पहिल्यावर पडली की दुसऱ्या-तिसऱ्याला कळायची. एक आजारी पडलं तर दोघं गाडा ओढायची. नसरीन या मोटेला क्लस्टर म्हणायची. आणि रोज पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी प्रेमनचा फोन किणकिणायचा: 'बॅकअप पूर्ण.' बायको म्हणायची, हा माणूस उठल्यावर देवाआधी फोनला हात जोडतो. खोटं नव्हतं ते.

आता माडी गळायला लागली होती आणि शुक्रवारी खोली सोडायची होती. त्रिवेंद्रमला नवी तीन मशीन भाड्यानं घेऊन झाली होती. जुन्या मोटेचा ताजा बॅकअप घ्यायचा आणि नव्या मोटेत तो उतरवायचा. जुन्या भांड्यातलं विरजण घेऊन नव्या भांड्यात दही लावायचं, एवढंच काम. विरजण चाखून बघावं, हे मात्र नऊ वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं. बॅकअप रोज होत होता. तो कधी कुठं उतरवून पाहिला नव्हता. ज्याची कधी गरज पडली नाही त्याच्यावर माणसाचा फार विश्वास असतो.

हरताळाच्या सकाळी दोघं चालत माडीवर आली. प्रेमनच्या पिशवीत बिनदुधाच्या कट्टन चायचा थर्मास आणि केळ्याची भजी. पावणेसातला काम सुरू झालं. नसरीननं नव्या मोटेला जुन्या बॅकअपचा पत्ता दिला आणि पडद्यावर एक हिरवी रेघ मुंगीच्या पावलानं सरकू लागली. प्रेमन तिच्याकडे टक लावून बसला होता.

"बघितल्यानं लवकर होत नाही हो, प्रेमेट्टा."

"तुला पोरं झाली तेव्हा तुझा नवरा बाहेर पेपर वाचत बसला होता का?"

"झोपला होता," नसरीन म्हणाली.

साडेदहाला रेघ टोकाला पोचली. आता मोजदाद. बॅकअपबरोबर एक पावती निघते; तिच्यावर लिहिलेलं होतं, रुग्ण अकराशे अठ्ठेचाळीस. नसरीननं नव्या मोटेला विचारलं: रुग्ण किती? अकराशे अठ्ठेचाळीस. भेटी, औषधं, पत्ते, सगळं पावतीशी जुळलं. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. प्रेमननं खिशातून सिस्टर लोकांच्या फोनची यादी काढली आणि नसरीननं एकेक फोन नव्या मोटेकडे वळवला. फोनांनी जुनं टाकलं आणि नवं उचललं.

"झालं!" प्रेमनचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला त्यानं थर्मासमध्ये डोकं घातलं.

"जुनी मशीन पंधरा दिवस अशीच राहू दे हं," नसरीन चपला घालताना म्हणाली. "खोली सोडलीत तरी तुमच्या घरी ठेवा. मी पोरांना जेवायला घालून येते."

"राहू दे की," प्रेमन म्हणाला.

आणि ती गेल्यावर त्यानं तिन्ही मशीन पुसली.

त्याला वेड लागलं नव्हतं. सहा वर्षांमागं पलीकडच्या तालुक्यातल्या एका कचेरीचा जुना कॉम्प्युटर भंगारात गेला होता, आणि त्यातली एक यादी बाजारभर फिरली होती. ज्या आजाराचं नाव माणूस सख्ख्या भावालाही सांगत नाही, त्या आजाराच्या लोकांची यादी. एक कुटुंब घर विकून निघून गेलं. कुठं गेलं कुणाला माहीत नाही. प्रेमननं त्या दिवशी स्वतःच्या हातानं केंद्राचा नियम लिहिला होता: आकडे जुळले की जुनी मशीन त्याच दिवशी पुसायची. आकडे जुळले होते. शुक्रवारी घरमालकाची माणसं खोलीत येणार होती. आणि घरी मशीन ठेवायची म्हणजे पुतण्याच्या पोरांच्या तावडीत द्यायची. त्यानं मशीनला शेवटचा हुकूम दिला, तिन्ही डिस्कवर काठोकाठ शून्यं भरून आतलं सगळं कायमचं मिटवलं, आणि प्रत्येक मशीनच्या पाठीवर हात फिरवून निरोप घेतला.

पावणेएकला त्याचा फोन वाजला. नाव बघून तो जरा सावरून बसला. पातुम्मा. बीरानची बायको.

बीरान गेला त्याला आज आठ दिवस झाले होते. प्रेमनचा तो तीस वर्षांचा मित्र. दोघं एकाच खांबावर चढून तारा जोडायचे तेव्हापासूनचा. केंद्राची पहिली व्हॅन बीराननंच चालवली, आणि शेवटी त्याच व्हॅनमधून सिस्टर त्याच्याकडे यायला लागल्या. शेवटचे काही दिवस प्रेमन रोज दुपारपासून रात्रीपर्यंत त्याच्या उशाशी बसून असायचा. पण बीरान गेला पहाटे, आणि पहाटे प्रेमन आपल्या घरी होता. हे त्याला अजून पचलेलं नव्हतं. पातुम्मा नवरा गेल्यानंतरच्या इद्दतमध्ये बसली होती, परक्या पुरुषांसमोर येत नव्हती. तिसऱ्या दिवसानंतर तो तिकडे फिरकला नव्हता. इद्दतचं निमित्त त्याच्या पथ्यावरच पडलं होतं.

"प्रेमा," पातुम्माचा आवाज फार हळू होता. "तुमच्याकडनं संदेश आलाय. उद्या सकाळी बीरान यांना भेटायला सिस्टर येतील, फाइल जवळ ठेवावी."

प्रेमननं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी काय करू सांग. सिस्टर आल्या तर त्यांना कुठं नेऊ?"

त्यानं कसंबसं 'बघतो' म्हटलं आणि फोन ठेवला. मग उद्याची यादी उघडली. तिसरं नाव बीरानचं. सहावं नाव तंकम्मा, तिला जाऊन पाच दिवस झाले होते. दहावं कुंजाप्पू, दहावा दिवस काल झाला. जी माणसं जमिनीखाली गेली होती, चितेवर गेली होती, ती यादीत ओळीनं बसून सिस्टरची वाट बघत होती.

नसरीन धावत आली. तिनं आधी संदेश थांबवले आणि मग तो प्रश्न विचारला जो सकाळी विचारायला हवा होता: शेवटची नोंद कुठल्या तारखेची? मशीननं सांगितलं. अकरा दिवसांपूर्वीची, दुपारी तीन वाजून चार मिनिटांची.

"त्या दिवशी काय झालं होतं?"

प्रेमनला आठवलं. तुलाम महिन्यातल्या, परतीच्या पावसातल्या दुपारच्या विजा. त्या दिवशी वाचनालयाच्या अंगणातला माड पेटला होता, आणि प्रेमन बीरानच्या उशाशी होता. माडीवर चक्कर मारावी हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"बॅकअप कुठल्या मशीनवरून घेत होतात?"

"आधी पहिल्यावरून. पण पहाटे सिस्टरांनी यादी उघडली की फोन रखडायचे. लीलामणी सिस्टर ओरडायची. म्हणून दोन महिन्यांमागं तिसऱ्यावरून घ्यायला लागलो."

मग कोडं उरलं नाही. विजेनं तिसऱ्या मशीनला मोटेशी जोडणारी तार जाळली होती, बाहेरची शाबूत होती. बाकीच्या दोघांशी त्याचं बोलणं बंद झालं होतं, पण स्वतःपुरतं ते धडधाकट होतं. रोज पहाटे ते इमानेइतबारे बॅकअप घेत होतं, त्याच जुन्या दिवसाचा, आणि 'पूर्ण' म्हणून कळवत होतं. खोटं बोलत नव्हतं बिचारं. त्याला जेवढं माहीत होतं तेवढं पूर्णच होतं. तार तुटल्याचं बाकीच्या दोघांनी पाठवलेलं पत्र प्रेमनच्या मेलमध्ये अकरा दिवस न उघडता पडलेलं होतं. आणि सकाळी दोघांनी मिळून नकलेचा हिशेब नकलेच्याच पावतीशी जुळवला होता. नवी मोट उभी राहिल्याबरोबर तिच्यातल्या संदेशांच्या कामाला जाग आली, त्यानं बघितलं की अकरा दिवस कुणाला काही कळवलेलं नाही, आणि सगळं एकदम पाठवून दिलं. बॅकअपबरोबर नुसत्या नोंदी येत नाहीत, जुन्या सवयीही येतात.

"हरकत नाही," नसरीन म्हणाली. "पहिलं मशीन शाबूत आहे ना. त्याच्यात सगळं असेल. तिथून..." तिनं प्रेमनच्या तोंडाकडे बघितलं आणि थांबली. "प्रेमेट्टा?"

प्रेमननं पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर शून्यंच शून्यं होती.

नसरीननं खुर्ची ओढून घेतली. ती चिडेल असं त्याला वाटलं होतं. चिडली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "शेवटची तारीख मी बघायला हवी होती. आमच्यात पहिल्या दिवशी शिकवतात ते."

"तुझा काय दोष? तू राहू दे म्हणालीस. मी हो म्हणालो आणि पुसलं. माझ्यासारखा करंटा मीच."

"करंटेपणाचं नंतर बघू. उद्या आठ वाजता व्हॅन निघतील. सिस्टर फोनवर बघून आठवड्याचं औषध भरून देतील. या अकरा दिवसांत कुणाचं औषध बदललं असेल तर?"

 मॉर्फिन म्हणजे खोकल्याचं औषध नव्हे, की चमचाभर इकडे-तिकडे झालं तरी चालेल.

दीड वाजता दोन्ही सिस्टर आल्या. लीलामणी थोरली, पंचवीस वर्षं सुई धरलेली; शानिबा नवी, वर्षभरापूर्वी लागलेली. झालेला प्रकार ऐकून शानिबाचा चेहरा उतरला. लीलामणीनं शांतपणे पिशवीतून एक जाडजूड डायरी काढली आणि टेबलावर आदळली.

प्रेमन बघत राहिला. "पण कागदावर लिहिणं मी बंद केलं होतं! दोनदा लिहू नका म्हणून नोटीस लावली होती!"

"लावली होतीस ना. मी वाचलीपण. छान अक्षर आहे तुझं." लीलामणीनं चष्मा पुसला. "तू मला नोटीस लावणार? तुला टेटनसची सुई मी मारलेय. कशी बोंब मारली होतीस, सांगू या पोरींना?"

एरवी प्रेमननं तोडीस तोड दिलं असतं. आज त्यानं दोन्ही हात जोडले.

"मी नाही लिहिलं," शानिबा रडवेली झाली होती. "तुम्ही नको म्हणालात म्हणून..."

जिनं ऐकलं नाही तिच्या नोंदी टिकल्या आणि जिनं ऐकलं तिच्या गेल्या, असा सगळा न्याय. प्रेमननं तिच्यापुढे मान खाली घातली. "पोरी, चूक तुझी नाही. माझी आहे, आणि तीसुद्धा माझ्याच सुंदर अक्षरातली."

अजून एक जागा होती. प्रत्येक घरी रुग्णाच्या उशाशी प्लास्टिकच्या कव्हरात एक फाइल असायची. औषध बदललं की घरच्यांना वाचता यावं म्हणून सिस्टर त्यात दोन ओळी हातानं लिहायच्या. अकरा दिवसांत शानिबा चौतीस घरी गेली होती. चौघं चार कोपऱ्यांत फोन घेऊन बसली. आणि हरताळ उपयोगाला आला: सगळं गाव घरात होतं, कोंबडीवर ताव मारून आडवं झालेलं. पहिल्या रिंगला फोन उचलले जात होते. "हां, फाइल आणते... बाराव्या पानावर... मोठी गोळी बंद, असं लिहिलंय." कुणी विचारलं, का हवंय? प्रेमन प्रत्येकाला सांगत होता, "माझ्याकडून हरवलंय." पहिल्या वेळी त्यानं ते दोन तुकड्यांत सांगितलं, दहाव्या वेळी सरळ. ज्यांना तो चुकीचा संदेश गेला होता त्या सात घरांपैकी सहा घरी त्यानं स्वतः फोन करून माफी मागितली. तंकम्माचा मुलगा म्हणाला, "मी ओळखलं होतं. पण प्रेमेट्टा, आई थोडा वेळ हसली असती हे वाचून." आणि तोच रडायला लागला.

साडेतीनपर्यंत बत्तीस घरं झाली. दोन राहिली. एक डोंगरावरचं कुमारनचं, तिथं फोन लागत नाही. दुसरं बीरानचं.

"कुमारेट्टनचं औषध डॉक्टरांनी बदललं होतं," शानिबा म्हणाली. "कमी केलं. दहाचं पाच बहुतेक. पण किती तासांनी ते..."

लीलामणी म्हणाली, "मॉर्फिनमध्ये बहुतेक चालत नाही."

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, त्या दिवशी मी चाळीस माणसं बघितली, आठवणीवर सांगणार नाही, फाइल बघा.

प्रेमननं स्कूटर काढली. नाक्यावर हरताळवाल्यांनी रस्त्यात बाकडं टाकलं होतं आणि बाकड्यावर कॅरम मांडला होता.

"प्रेमेट्टा, आज हरताळ आहे!"

"पेशंटसाठी चाललोय रे."

"मागच्या हरताळाला एक जण असंच म्हणाला. पेशंटच्या डिकीत चार किलो सुरमई निघाली."

प्रेमननं डिकी उघडून दाखवली. आत रेनकोट आणि केळ्याचं एक गार भजं. पोरांनी भजं जप्त केलं आणि बाकडं सरकवलं.

कुमारन एकेकाळचा ताडी काढणारा, तालुक्यातला कुठलाही माड त्याला वर्ज्य नव्हता. आता खाटेवर उरला होता तो सगळा हाडांचाच. बायको जानकीनं बिस्किटाच्या डब्यातून फाइल काढून दिली. प्रेमननं पान उलटलं. शानिबाचं गोल अक्षर: 'मूत्रपिंड थकलंय. दहाऐवजी पाच. चार तासांनी नाही, आठ तासांनी.' फोनवरच्या यादीत होतं दहा, दर चार तासांनी. म्हणजे चौपट. उद्या बाटली त्या हिशेबानं भरली गेली असती, जानकीनं विश्वासानं पाजली असती, आणि कुमारन झोपला असता तो उठला नसता. प्रेमन खाटेजवळ बसला. त्यानं कुमारनला सगळं सांगून टाकलं, काही हातचं न राखता.

कुमारननं डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाला, "चाळीस वर्षं चढलो. रोज चढायच्या आधी दोर ओढून बघायचो. घरी खुंटीला दोर टांगलेला आहे, एवढ्यावर कुणी माडावर चढतं काय रे?"

"नाही."

"मग? शिकलास ना? पडला नाहीस, पडता पडता राहिलास. चहा पी."

प्रेमननं पानाचा फोटो काढला. उताराच्या वळणावर फोनला रेंज आली तसा त्यानं तो नसरीनला पाठवला आणि तिचं उत्तर येईपर्यंत स्कूटर हलवली नाही. 'भरलं. लीलामणी सिस्टरांनी दोनदा तपासलं. आता फक्त एक.'

ते एक घर उतारावरच होतं.

ओसरीवर बीरानची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. मुलगी रैहाना बाहेर आली, त्याला बसायला सांगून आत गेली. दार अर्धं लोटलेलं होतं. दाराआड पातुम्मा येऊन बसल्याचं त्याला एरवी बांगड्यांच्या आवाजावरून कळायचं; आज बांगड्या नव्हत्या, नुसता श्वास ऐकू आला.

"इत्तात्ता, माझी चूक झाली," प्रेमन दाराकडे न बघता म्हणाला. "मशीनला बीरान गेल्याचं माहीतच नव्हतं. मला सगळं परत लिहायचंय. शेवटचे तीन दिवस. आणि... वेळ. वेळ मला माहीत नाही."

पातुम्मानं फाइल मागवली नाही. दाराआडून ती सांगत गेली. सोमवारी दुपारी सिस्टरनं दुखणं दहापैकी किती विचारलं तेव्हा बीराननं चार बोटं दाखवली, पण दोन्ही हातांची. मंगळवारी गोळी गिळवेना, जिभेखाली औषध दिलं. मंगळवारी रात्री तू गेलास, त्यानंतर अकराला एकदा डोळे उघडले आणि विचारलं, प्रेमा जेवून गेला का? मी हो म्हटलं. मग पाणी मागितलं, दोन चमचे. प्रेमन लिहीत होता. त्याला नीट दिसत नव्हतं, पण बोटं चालत होती.

"वेळ सांगते. पहाटेची बांग होऊन गेली होती. मी घड्याळाकडे बघितलं. पाच वाजून दहा मिनिटं."

प्रेमनची बोटं थांबली. ते मिनिट त्याच्या ओळखीचं होतं. त्या दिवशीही फोन किणकिणला होता, 'पूर्ण' म्हणाला होता, आणि तो कूस बदलून परत झोपला होता.

 मग पातुम्मा म्हणाली, "संदेश आला ना दुपारी, तेव्हा मी उठून फाइल काढली. पुसली. उशीपाशी नेऊन ठेवली. म्हटलं, सिस्टर आल्या की शोधाशोध नको. ठेवल्यावर उशीकडे लक्ष गेलं."

"इत्तात्ता..."

"रागावले नाही रे. तेवढ्या दोन पावलांपुरतं घर पहिल्यासारखं झालं होतं."

रैहानानं फाइल आणून उंबऱ्यावर ठेवली. माणूस गेला की फाइल केंद्रात जमा करायची, हाही प्रेमनचाच नियम. शानिबा दोनदा मागून गेली होती आणि दोन्ही वेळा 'सापडत नाही' असं उत्तर मिळालं होतं.

"घेऊन जा," आतून आवाज आला. "तुमच्याकडे काही उरलं नाही म्हणालास. माझ्यानं देववत नव्हती, पण जा घेऊन."

प्रेमननं फाइल मांडीवर घेतली. एकेका पानाचा फोटो काढला, तारीख वाचता येते का ते प्रत्येक वेळी मोठं करून बघितलं, नसरीनला पाठवलं आणि तिला ते उघडून बघायला सांगितलं. तिचा होकार आल्यावर त्यानं फाइल कव्हरात घातली आणि होती तिथं उंबऱ्यावर परत ठेवली.

"नियम बदलला," तो म्हणाला.

"कधी?"

"आत्ताच. फाइल घरी राहणार. तुमच्याकडची एक आणि आमच्याकडची एक."

दाराआडून एक हात आला, फाइल उचलून आत घेऊन गेला. प्लास्टिक चुरचुरल्याचा आवाज झाला आणि मग घर शांत झालं. लांब नाक्यावर सहाची शिटी वाजली, दुकानांची शटर वर जायला लागली.

प्रेमनच्या फोनवर बीरानचं नाव अजून जिवंतांच्या यादीत होतं. त्यानं मृत्यूच्या रकान्यात तारीख भरली, वेळ भरली, आणि खालच्या बटणावर बोट ठेवलं. बीरान दुसऱ्यांदा गेला. या वेळी प्रेमन त्याच्याजवळ होता.